तोलेदोतला एक दिवस आणि दुभाष्याची मजुरी

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने शनिवार गाठून एखादे ऐतिहासिक शहर 'करून' येणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. 'करणे' हे क्रियापद आम्ही मुद्दाम वापरले. हल्ली आपण शहरे पाहत नाही, करतो. काल रोम केले, पुढच्या महिन्यात पॅरिस करू. या क्रियापदाची चेष्टा करणे सोपे आहे, आणि अभ्यासू मंडळी ती करतातही. एका दिवसात काय डोंबल कळणार, असा त्यांचा सवाल असतो. आम्हांला हा सवाल तितकासा मान्य नाही. एखाद्या शहरात वर्षभर राहूनही काही न कळलेली माणसे आपण पाहतो. दिवस किती होते यापेक्षा सोबत प्रश्न कोणता होता, यावर पाहणे अवलंबून असते. स्पेनमधील तोलेदो या शहराच्या निमित्ताने हे जरा विस्ताराने मांडावे असे वाटते.

निमित्त असे घडले. आमची एक माजी विद्यार्थिनी मराठी घेऊन बी.ए. झाली, पुढे तिने स्पॅनिश भाषेचा ध्यास घेतला आणि एका सत्रासाठी ती माद्रिदला गेली. तोलेदोच्या एकदिवसीय सहलीविषयी तिने आम्हां दोघांना एक लांबलचक पत्र पाठवले. सकाळी अतोचा स्थानकातून गाडी, अर्ध्या तासात तोलेदो, संध्याकाळच्या गाडीने परत. यादीत नऊ ठिकाणे होती आणि नऊही झाली. पत्राच्या शेवटी मात्र तिने प्रांजळपणे लिहिले होते की, छायाचित्रे तीनशे जमली, पण सांगण्यासारखे एक वाक्य काही हाती लागले नाही. ही तक्रार तिच्या एकटीची नाही, म्हणूनच तिचे उत्तर चारचौघांत द्यावेसे वाटले.

तोलेदो माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे ७० किलोमीटरवर आहे. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेली खडकाळ टेकडी, तिच्यावर हे शहर. सहाव्या शतकात व्हिसिगॉथ राजांनी येथे राजधानी केली. ७११ साली सुरू झालेल्या मुस्लिम स्वारीत ते अरबांच्या हाती गेले. १०८५ मध्ये कास्तीलच्या सहाव्या आल्फोन्सोने ते घेतले. १५६१ मध्ये दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला आणि तोलेदोचे राजकीय महत्त्व ओसरले. जुन्या गल्ल्या, जुने उंबरठे टिकून राहिले त्यात या उपेक्षेचाही वाटा असावा. १९८६ मध्ये युनेस्कोने शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पर्यटकाला या शहराची ओळख एका घोषवाक्यातून होते: 'तीन संस्कृतींचे शहर'. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती येथे एकत्र नांदले, अशी त्याची फोड केली जाते. घोषवाक्य खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा खुद्द इमारतींच्या नावांतच उघडा पडलेला आहे. सन ९९९ मध्ये बांधलेली एक चिमुकली, अत्यंत देखणी मशीद तोलेदोत आजही उभी आहे. तिला सगळे 'क्रिस्तो दे ला लूस', म्हणजे 'प्रकाशाचा ख्रिस्त' म्हणतात. घोड्याच्या नालासारख्या कमानींचे पांढरेशुभ्र जुने सिनेगॉग आहे. त्याचे नाव 'सांता मारिया ला ब्लांका', म्हणजे 'शुभ्र संत मारिया'. शहराचे भव्य कॅथेड्रल १२२६ च्या सुमारास उभे राहू लागले ते मुख्य मशिदीच्या जागेवर. शहर शरण आले तेव्हा ही मशीद मुसलमानांकडेच राहील असा शब्द राजाने दिला होता; तो फार काळ टिकला नाही. तेव्हा तीन संस्कृती होत्या हे खरे, पण वास्तू दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे, असा तो संसार होता. भाषेच्या विद्यार्थ्याने निदान नावांपाशी तरी थबकायला हवे. नामांतर म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

याच ज्यू वस्तीत 'एल त्रान्सितो' नावाचे दुसरे सिनेगॉग आहे. राजा पेद्रोचा खजिनदार सॅम्युएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यावर ते बांधून घेतले. आतल्या भिंतींवर गिलाव्यात कोरलेली हिब्रू अक्षरे आहेत, नक्षीत गुंफलेली अरबी अक्षरे आहेत आणि कास्तीलच्या राजाची चिन्हेही आहेत. एकाच भिंतीवर तीन भाषांचे जग सामावले आहे, आणि ती भिंत पाहून कोणीही हरखून जावे. परंतु हा-लेवीचे पुढे काय झाले? काही वर्षांतच त्याच राजाची खप्पा मर्जी झाली, त्याला कैद करण्यात आले आणि छळात त्याचा अंत झाला. १३९१ मध्ये स्पेनभर ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्यातून तोलेदो सुटले नाही. १४९२ मध्ये ज्यूंना देशाबाहेर घालवण्यात आले आणि हे सिनेगॉग एका ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या ताब्यात गेले. आज तेथे स्पेनमधील ज्यूंच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. भिंत पाहावी, आणि भिंतीच्या मालकाचे काय झाले हेही विचारावे. दुसरा प्रश्न विचारायला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही. एक दिवस अपुरा पडतो ही सबब तिथे चालत नाही.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. साहित्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोलेदोचे खरे मोठेपण ज्या गोष्टीत आहे, तिची इमारतच नाही. म्हणून ती कोणत्याही यादीत नसते. ती गोष्ट म्हणजे भाषांतर.

बाराव्या शतकात तोलेदो ख्रिस्ती राजवटीत आले होते, पण तेथील ग्रंथसंग्रह, बाजार आणि बोलचाल यांत अरबी अजून जिवंत होती. ग्रीकांचे गणित, वैद्यक, ज्योतिष आणि तत्त्वज्ञान अरबीत आलेले होते, त्यावर अरबी विद्वानांनी स्वतःची भर घातली होती. लॅटिन युरोपात यातले पुष्कळसे अप्राप्य होते. तेव्हा युरोपभरचे जिज्ञासू तोलेदोकडे येऊ लागले. क्रेमोनाचा जेरार्ड हा इटालियन पंडित टॉलेमीचा 'आल्माजेस्ट' मिळावा म्हणून आला, त्यासाठी अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत सत्तरांहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये आणून गेला. यांत इब्न सीनाचा वैद्यकावरचा महाग्रंथ होता, आणि तो पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांत शिकवला गेला.

हे काम होत कसे असे? एक पद्धत फार बोलकी आहे. दोन माणसे शेजारी बसत. अरबी जाणणारा, बहुधा ज्यू किंवा अरबी बोलणारा ख्रिस्ती, एकेक वाक्य वाचून त्याचा अर्थ त्या वेळच्या स्पॅनिश बोलीत तोंडी सांगे. दुसरा ते ऐकून लॅटिनमध्ये लिहून काढी. इब्न सीनाच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथाचे भाषांतर असेच झाले: इब्न दाऊद नावाचा ज्यू विद्वान बोलला आणि गुन्दिसाल्वो या धर्माधिकाऱ्याने लिहिले. दोन विद्वद्भाषांच्या मधला पूल बोलीभाषेचा होता, आणि तो कागदावर कुठेच उमटला नाही. तेराव्या शतकात तोलेदोतच जन्मलेल्या दहाव्या आल्फोन्सो राजाने लॅटिनचा टप्पा पुष्कळ अंशी बाजूला ठेवून थेट कास्तीलीतच ग्रंथ करवून घेतले आणि ती पुलाखालची बोली ग्रंथभाषा झाली. संस्कृतातले ज्ञान मराठीत आणण्याचा आपल्याकडचा उपक्रमही तेराव्या शतकातलाच. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, पण ते आठवल्यावाचून आम्हांला राहवत नाही.

संबंध आहे तो दुसरीकडे. आल्फोन्सो युवराज असताना, १२५१ मध्ये, त्याच्या प्रेरणेने एक अरबी कथाग्रंथ कास्तीलीत उतरला: 'कालीला ए दिम्ना'. हे कालीला आणि दिम्ना म्हणजे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक. संस्कृतातून सहाव्या शतकात इराणच्या पहलवीत, तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने केलेल्या अरबी भाषांतरात आणि तेथून स्पेनमध्ये, असा या दोन कोल्ह्यांचा प्रवास आहे. इब्न अल-मुकफ्फा स्वतः तरुण वयातच राजकोपाला बळी पडला. कोल्हे सुखरूप पोहोचले. ज्याच्या पाठीवर बसून आले तो मारला गेला. हे लक्षात ठेवावे, कारण तोलेदोच्या कथेतही हीच ओळ पुन्हा येते.

तोलेदोच्या आर्चबिशपच्या गादीकडे पाहा. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात या गादीवर रेमंड होता. भाषांतरकारांचा आश्रयदाता म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पंधराव्या शतकाच्या शेवटी त्याच गादीवर सिस्नेरोस आला. नुकत्याच जिंकलेल्या ग्रानादात त्याने अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाचे तेवढे ग्रंथ बाजूला काढले. हाच सिस्नेरोस अनेक भाषांतील बायबलच्या थोर आवृत्तीचा पुरस्कर्ता होता, म्हणजे भाषांचा शत्रू म्हणून त्याला मोडीत काढण्याची सोयही नाही. १५४७ मध्ये त्याच गादीवरील सिलिसेओने कॅथेड्रलसाठी 'रक्तशुद्धी'चा नियम करून घेतला: ज्याच्या पूर्वजांत ज्यू किंवा मुसलमान असेल, तो बाटून कितीही पिढ्या लोटल्या असोत, त्याला तेथे पद नाही. आश्रय, आग आणि वंशावळ, तिन्ही एकाच खुर्चीतून. तीन संस्कृतींची गोष्ट सांगायचीच असेल तर ही खुर्चीही तिच्यात यायला हवी.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. तुम्ही सहजीवनाचे स्वप्नच मोडता आहात. मग उरले काय? स्पेनमधील विचारवंतांत या प्रश्नावर मोठा वाद झाला. आमेरिको कास्त्रोने १९४८ मध्ये मांडले की, स्पॅनिश माणूस घडला तोच या तिघांच्या एकत्र राहण्यातून. सान्चेस-आल्बोर्नोस या इतिहासकाराने १९५६ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. गंमत म्हणजे दोघेही फ्रँकोच्या राजवटीमुळे देशाबाहेर राहून भांडत होते. आम्हांला वाटते, सहजीवन होते की नव्हते असा निकाल मागण्यापेक्षा ते कोणाच्या श्रमावर उभे होते, हे विचारणे अधिक फलदायी आहे. एकमेकांवर प्रेम असल्याचा पुरावा इतिहासात क्वचितच सापडतो. एकमेकांचे वाक्य समजून घेण्यासाठी दोन माणसे एका बाकावर बसल्याचा पुरावा मात्र तोलेदोत आहे, आणि तो काही थोडाथोडका नाही.

हा श्रम करणारा माणूस साहित्यात दिसतो का? दिसतो, आणि तोही तोलेदोच्याच बाजारात. सर्वान्तेसच्या 'दोन किहोते'चा, आपल्याकडच्या 'डॉन क्विक्झोट'चा, पहिला भाग १६०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आठव्या प्रकरणात दोन वीरांच्या तलवारी उगारलेल्या असताना कथा एकाएकी तुटते. निवेदक सांगतो की, पुढचा मजकूरच मिळत नाही. नवव्या प्रकरणात तो तोलेदोच्या आल्काना बाजारात हिंडत असतो. एक पोरगा जुनी बाडे रद्दीत विकायला आलेला असतो. त्यांतले एक अरबीत आहे. निवेदकाला ती लिपी येत नाही, म्हणून तो एक मोरिस्को, म्हणजे बाटवून ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांपैकी एक, शोधतो. तो बाड उघडून हसू लागतो. ती दोन किहोतेचीच कथा निघते. दोघे कॅथेड्रलच्या आवारातील ओवऱ्यांत जातात आणि सौदा ठरतो. मजुरी: दोन आरोबा मनुका, म्हणजे सुमारे २३ किलो, आणि दोन फानेगा गहू. दीड महिन्यात भाषांतर पुरे होते. युरोपातील आधुनिक कादंबरीचा आद्य नमुना म्हणून जो ग्रंथ आपण शिकवतो, तो स्वतःला एका निनावी मोरिस्कोचे भाषांतर म्हणवून घेतो.

ही विनोदी क्लृप्ती आहे हे उघडच आहे. पण विनोदाखाली काय आहे ते पाहावे. अरबी वाचणे त्या काळी संशयास्पद होते. आल्काना हा पूर्वी ज्यू व्यापाऱ्यांचा भाग होता, आणि ज्या ओवऱ्यांत सौदा होतो त्या १३८९ पासून त्याच बाजाराच्या जागेवर उभ्या राहिल्या होत्या. आणि पुस्तक निघाल्यावर चारच वर्षांनी, १६०९ मध्ये, मोरिस्कोंच्या हकालपट्टीचा हुकूम सुटला. १६१४ पर्यंत लाखो माणसे देशोधडीला लागली. १६१५ च्या दुसऱ्या भागात सर्वान्तेसने रिकोते नावाचा एक मोरिस्को शेजारी आणला आहे. तो वेषांतर करून आपल्याच गावाकडे परततो. मनुका आणि गहू घेऊन ज्याने कथा वाचवली, त्याच्या जातभाईंना पुढे घरातही जागा उरली नाही. दुभाष्याची मजुरी ही अशी होती.

या हकालपट्ट्यांची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. गार्सिया द ओर्ता या वैद्याचे आईवडील १४९२ मध्ये स्पेनमधून पोर्तुगालात गेलेले ज्यू होते. तो सालामान्का आणि आल्काला येथे शिकला, १५३४ मध्ये गोव्यास आला, मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादात्मक ग्रंथात येथील वनस्पती आणि औषधे यांची माहिती अनेक भाषांतील नावांसह आली आहे. तोही एका अर्थी दुभाष्याच. १५६८ मध्ये तो वारला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. तोलेदो आपल्यापासून दूर आहे असे समजणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे.

तर मग एका दिवसाचे करायचे काय? आमच्या विद्यार्थिनीला आम्ही सुचवले ते असे. नऊपैकी पाच ठिकाणे गाळावीत. गाडीत अर्धा तास मिळतो, तेवढ्यात 'दोन किहोते'चे नववे प्रकरण वाचून होते. उतरल्यावर प्रथम ती ९९९ ची मशीद पाहावी, मग कॅथेड्रलच्या ओवऱ्यांत निवांत बसावे, दुपारी दोन्ही सिनेगॉगे पाहावीत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: येथे कोणाचे शब्द कोणी, कोणासाठी वाहून आणले, आणि वाहणाऱ्याचे पुढे काय झाले? एल ग्रेकोची चित्रे राहतील, राहू द्यावीत. यादी पुरी झाल्याचे समाधान मिळणार नाही, पण सांगण्यासारखे वाक्य मिळेल. आणखी एक: १९९४ पासून तोलेदोत विद्यापीठाची भाषांतरशाळा पुन्हा सुरू आहे, तेथे अरबी आणि हिब्रूतून स्पॅनिशमध्ये काम चालते. जुन्या 'शाळे'ला इमारत नव्हती; शाळा हे नाव पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी दिले. नवीला पत्ता आहे. सिनेगॉगे पाहून वेळ उरला तर तिच्या दारावरून जावे.

हे सारे आम्ही का लिहितो आहोत? मराठीच्या प्राध्यापकांना तोलेदोचे काय, असे कोणी विचारील. आम्हांला त्यात आपल्या विभागांचा आरसा दिसतो. भाषांतर आपल्या अभ्यासक्रमात बहुधा 'उपयोजित मराठी'च्या कोपऱ्यात असते: कार्यालयीन पत्राचा अनुवाद करा, दहा गुण. साहित्याच्या इतिहासात अनुवादित ग्रंथांना परिशिष्टापुरती जागा मिळते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठी वाचकाला आपलेच वाटले ते मामा वरेरकरांमुळे, हे आपण सांगतो खरे, पण वरेरकरांचे भाषांतर हे मराठी गद्य म्हणून कधी वर्गात घेत नाही. जाहिरातीत अनुवादकाचे नाव गळते, ग्रंथपालाच्या नोंदीत गळते, विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतही गळते, आणि परीक्षक म्हणून आपण त्याचा एक गुणही कापत नाही. ज्या भाषेचे प्राध्यापक आपल्या दुभाष्यांची नावे घेत नाहीत, त्यांच्या विद्यार्थ्यांना तोलेदोत केवळ दगड दिसले तर दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारू नये.

मोठ्या शहराला न्याय द्यायला एक दिवस कमी पडतो, हे खरेच. पण दुभाष्याचे नाव विचारायला एवढा दिवस पुष्कळ झाला. तो प्रश्न मुलांच्या हाती सहलीच्या आधी, वर्गातच द्यायला हवा. ते काम स्पेनच्या पर्यटन खात्याचे नाही, आपले आहे.